सुलोचनाबाईंच्या पदराआड राहिलेली गायकी

१० डिसेंबर २०२२ रोजी सुलोचना चव्हाण गेल्या. त्यानंतर जे मृत्युलेख छापून आले, वाहिन्यांवर ज्या श्रद्धांजल्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक एकाच वाक्यापाशी येऊन थांबत होत्या: डोक्यावरचा पदर ढळू न देता त्यांनी ठसकेबाज लावणी गायली. कुणी त्याला मर्यादा म्हटलं, कुणी खानदानीपणा, कुणी संस्कार. पुढची वाक्यंही ठरलेलीच होती. गिरगावातल्या चाळीत वाढलेली मुलगी, शिकवणी नाही, घराणं नाही, एवढं नाव झालं तरी पाय जमिनीवर, बोलणं मृदू, राहणी साधी.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. ज्यांनी त्यांना मंचावर पाहिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर तीच मूर्ती आहे: अंगभर नेसलेलं लुगडं, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि समोर मायक्रोफोन. हातवारे नाहीत की मुरका नाही. जे काय व्हायचं ते गळ्यातून. माझी तक्रार त्या पदराबद्दल नाही, तो त्यांचा होता आणि त्यांनी तो मनापासून घेतला होता. त्या पदराचं आपण गेली साठ वर्षं जे केलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. एका मोठ्या गायिकेच्या विनम्रतेची स्तुती करता करता आपण तिची गायकी बाजूला ठेवली, आणि तिच्याच विद्येत आयुष्य घालवलेल्या दुसऱ्या बायकांना मोजायची फूटपट्टी म्हणून तिचा पदर वापरला.

मुळापासून बघू. १३ मार्च १९३३ ला मुंबईत जन्म, माहेरचं आडनाव कदम, घर गिरगावच्या फणसवाडीत. हा त्या काळचा गिरगाव म्हणजे गणेशोत्सवातले मेळे, नाटक कंपन्या, तालमी, भजनी मंडळं आणि दर चार घरांत एखादी तरी पेटी. सुलोचनाबाईंच्या घरचाच श्रीकृष्ण बाळमेळा होता. पोरवयात त्या मेळ्यात उभ्या राहिल्या, तिथून नाटकांत गेल्या. गाण्याची रीतसर तालीम त्यांना कुणी दिली नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या आणि तसंच्या तसं म्हणून बघायचं, हीच शाळा. वत्सलाबाई कुमठेकरांची ‘सांभाळ गं दौलत लाखाची’ ही लावणी त्या घरात गुणगुणायच्या आणि आईचा ओरडा खायच्या, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. चाळीतल्या मराठा घरात मुलीच्या तोंडी लावणी शोभत नाही, हे आईच्या रागामागचं कारण. ही आठवण मुलाखतींत हसत हसत सांगितली जाई आणि ऐकणारेही हसत. मला त्यात त्या काळाचा अख्खा कायदा दिसतो. लावणी ऐकायला घरात तबकडी होती, पण घरातल्या मुलीने ती म्हणायची नव्हती.

पुढे फ्रॉक घालायच्या वयातच हिंदी चित्रपटासाठी पार्श्वगायन सुरू झालं. के. सुलोचना किंवा सुलोचना कदम या नावाने त्यांनी हिंदीत गायलेली गाणी आजही जुन्या गाण्यांचे शौकीन शोधून ऐकतात. १९५१ च्या ‘ढोलक’मधलं श्यामसुंदर यांच्या संगीतातलं ‘चोरी चोरी आग सी दिल में लगाकर चल दिए’ ऐका. आवाज कोवळा आहे, उच्चार उर्दूला साजेसे, जागा मोजून घेतलेल्या. हीच मुलगी दहा-बारा वर्षांनी ‘लवंगी मिरची’ म्हणून महाराष्ट्राच्या जिभेवर बसणार आहे, असं ते गाणं ऐकून कुणाला वाटलं नसतं. दोन्ही गाणी लागोपाठ लावली की या बाईची ताकद कळते. तिला एकच गाणं येत नव्हतं. तिने एक गाणं निवडलं आणि त्यासाठी आपला गळा नव्याने घडवला.

हा घडवण्याचा भाग श्रद्धांजल्यांत जवळजवळ नसतो. आचार्य अत्रे यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’साठी वसंत देसाई यांच्याकडे त्यांनी हंसा वाडकरांकरता लावणी गायली. अत्र्यांनीच त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. १९५३ मध्ये त्यांचं लग्न झालं ते ‘कलगीतुरा’ चित्रपटाचे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी. श्यामराव कोल्हापूरकडचे, लावणीचे जाणकार. शब्द कुठे तोडायचा, कुठे ओढायचा, कोणत्या अक्षरावर जोर दिला की अर्थ उघडतो आणि कोणत्या अक्षरावर दिला की तो उघडा पडतो, हे आपल्याला श्यामरावांनी शिकवलं, असं सुलोचनाबाई नेहमी सांगत. नवऱ्यालाच गुरू मानणारी पत्नी म्हणून या गोष्टीचंही कौतुक होतं. पण जरा थांबून पाहिलं तर हे एका गायिकेने आपल्या तालमीबद्दल दिलेलं अगदी नेमकं निवेदन आहे. लावणीत सूर बरोबर असून भागत नाही, तिथे अर्थाचं गणित शब्दाच्या फेकीत असतं, असं ती सांगते आहे. त्या शिक्षणाची तपशिलात नोंद कुणी केली? त्यांना समोर बसवून, एकेक लावणी घेऊन, इथे श्वास का घेतलात, हा स्वर असा का दाबलात, असं विचारणाऱ्या मुलाखती किती झाल्या? माझ्या वाचनात तरी भेटले ते पदराबद्दलचेच प्रश्न.

जे विचारायला हवं होतं ते उदाहरणानेच सांगतो. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’मधलं ‘कसं काय पाटील बरं हाय का’ आपण शेकडो वेळा ऐकलेलं असतं, म्हणून त्यात काय चाललंय ते ऐकू येईनासं होतं. वसंत पवारांची चाल सोपी आहे, कुणीही गुणगुणावी अशी. पहिल्या ओळीतला ‘बरं हाय का’ हा साधा हालहवाल विचारणारा प्रश्न, आणि बाई तो तसाच विचारतात, ओसरीवर आलेल्या माणसाला विचारावा तसा. पुढच्या ओळीत त्याच चालीवर काल कानावर आलेली गोष्ट येते. स्वर फारसे बदलत नाहीत, बदलतो तो आवाजाचा पोत. अक्षरं थोडी दाबली जातात, शेवटचा ‘का’ किंचित उचलला जातो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की पाटील आता पुरते सापडले आहेत. राग, थट्टा आणि हक्क एकाच वेळी. पडद्यावर जयश्री गडकर आहेत, पण डोळे मिटून ऐकलं तरी बाईची नजर कुठे आहे ते समजतं. गिरगावात वाढलेल्या, हिंदी-उर्दू गाणी गाऊन आलेल्या मुलीच्या तोंडी तो ‘हाय’ कुठेही उसना वाटत नाही. मुंबईतल्या कितीतरी चांगल्या गळ्यांना हे जमलेलं नाही. त्यांच्या ‘हाय’मध्ये ‘आहे’ ऐकू येत राहतो.

‘सोळावं वरीस धोक्याचं’ घ्या. किंवा ‘मल्हारी मार्तंड’मधली माडगूळकरांची ‘पदरावरती जरतारीचा मोर नाचरा हवा’ घ्या. त्यातला मोर डौलाने येतो तो ढोलकीच्या ठोक्याआधी निमिषभर थांबून. ताल अंगात पुरता भिनलेला असल्याशिवाय हे थांबणं साधत नाही. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’मधली जगदीश खेबुडकरांची ‘नाव गाव कशाला पुसता’, म्हणजेच ‘लवंगी मिरची’, तर तोऱ्यावरच उभी आहे. एखाद्या बाईने आपलं नाव-गाव सांगणं आणि आपली किंमत सांगणं यांतलं अंतर तिथे फक्त स्वराच्या टोकदारपणाने पुसलं जातं. ही विद्या आहे, कष्टाने मिळवलेली. तिचं श्रेय विनम्र स्वभावाच्या खात्यावर कसं जमा करायचं?

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला येतो, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

सुलोचनाबाईंच्या आधी लावणी नव्हती असं थोडंच आहे. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत ती लिहिली गेली. तिला अंगाने आणि गळ्याने जिवंत ठेवलं ते तमाशाच्या फडातल्या आणि संगीतबारीतल्या, म्हणजे पेटी-तबल्याच्या साथीवर नुसतं गाणं-नाच करणाऱ्या पथकांतल्या बायकांनी. बहुतेक कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी अशा समाजांतल्या. पवळाबाई, यमुनाबाई वाईकर, सत्यभामाबाई पंढरपूरकर, विठाबाई नारायणगावकर, कौसल्याबाई कोपरगावकर, कांताबाई सातारकर, आणि ज्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत अशा कितीतरी. या बायकांची लावणी घरात येऊ शकत नव्हती, कारण लावणीबरोबर त्या बायकाही आल्या असत्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई प्रांताच्या खेर सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी खटपट केल्यावर ती उठली, तरी संहिता आधी तपासून घ्यायची अट मागे राहिली.

याच सुमाराला चित्रपट आणि रेडिओ यांनी एक वेगळी वाट काढली. पार्श्वगायनामुळे लावणीचा आवाज तिच्या नाचणाऱ्या अंगापासून सुटा झाला. ‘आपली आवड’ या रेडिओवरच्या कार्यक्रमात लावणी लागली तर स्वयंपाकघरातली बाईसुद्धा ती गुणगुणू शकत होती, आणि वाड्यातल्या आजोबांना उठून रेडिओ बंद करावा लागत नव्हता. तरीही थोडी धास्ती उरलेली असणारच. गाणारी कोण, कुठली? त्या धास्तीचं उत्तर सुलोचनाबाईंच्या रूपाने मिळालं. मराठा घरातली, लग्न झालेली, मुलाबाळांची आई, डोक्यावर पदर. लावणीला मध्यमवर्गाच्या घरात मानाने जागा मिळाली आणि ती मिळवून देण्यात या एका बाईचा वाटा फार मोठा आहे. हे उपकार मी कमी लेखत नाही. त्यांच्यामुळेच माझ्यासारख्या असंख्य मराठी माणसांनी लावणी आधी कानांनी ओळखली.

पण दार उघडलं तेव्हा आत आली ती लावणी एकटी. तिच्याबरोबरच्या बायका बाहेरच राहिल्या. आणि पुढे जेव्हा जेव्हा लावणीच्या अश्लीलतेवरून वाद झाला, तेव्हा तेव्हा आपण सुलोचनाबाईंचं नाव पुढे केलं. अलीकडच्या काळात गावोगावच्या जत्रांत आणि वाढदिवसांच्या कार्यक्रमांत लावणीच्या नावाखाली काय चालतं यावरून बरंच वादळ उठलं. त्यातही हेच ऐकू आलं: सुलोचनाबाईंनी बघा, डोक्यावर पदर घेऊन गायली. सुलोचनाबाई कधी फडात नाचायला उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांचं काम ध्वनिमुद्रणाच्या खोलीतलं आणि गाण्याच्या मैफलीतलं. ढोलकी फडाच्या तमाशात तंबूत हजारो माणसांसमोर उभं राहून, नाचत, ओरडणाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर देत, पहाटेपर्यंत वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, ओढून नेणारी बाई वेगळं काम करते. तिच्या अंगावरच्या शालूचा आणि पायांतल्या चाळांचा संबंध तिच्या चारित्र्याशी नाही, कामाशी आहे. एकीच्या कामाची रीत दुसरीच्या शीलाची कसोटी म्हणून लावणं हा अन्याय आहे. तो आपण इतक्या सहजपणे करतो की करताना जाणवतही नाही.

विठाबाईंची आठवण इथे काढल्यावाचून राहवत नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेली ही बाई. १९५७ आणि १९९० अशी दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेली. १९६२ च्या युद्धाच्या वेळी जवानांसमोर नाचली, गायली. आणि जानेवारी २००२ मध्ये गेली तेव्हा शेवटच्या आजारपणाच्या खर्चासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून होती. २००६ पासून सरकार तिच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं. विठाबाईंबद्दल लिहिताना आपण काय सांगतो? प्रयोग चालू असताना झालेलं बाळंतपण, दारिद्र्य, हाल. सुलोचनाबाईंबद्दल काय सांगतो? पदर, साधेपणा, मर्यादा. एकीची कीव करायची आणि दुसरीला नमस्कार करायचा. विठाबाई गायच्या कशा, त्यांचा आवाज ढोलकीवर कसा चढायचा, वगातला संवाद त्या गाण्यात कशा वळवायच्या, हे त्या कहाणीत येत नाही. सुलोचनाबाईंचा श्वास कुठे पडायचा, हेही त्यांच्या कौतुकात नसतं. दोघींचं काम दोन्ही वेळा गोष्टीबाहेर राहतं.

पुरुष कलावंतांच्या बाबतीत आपण असं करत नाही. एखादा शाहीर डफावर थाप मारून सभा गाजवतो, स्वतःचं नाव लावणीच्या शेवटच्या कडव्यात गुंफतो, सवाल-जवाबात समोरच्याला आडवं पाडतो, तेव्हा आपण त्याच्या बाण्याचं कौतुक करतो. पठ्ठे बापूरावांनी आपल्या कवनांचा आकडाच कवनात बांधून ठेवला, ती बढाई आपल्याला गोड लागते. बाई मात्र मोठी झाली की ती नम्र आहे ना, हे आधी तपासलं जातं. ती तशी असेल तर तिच्या मोठेपणाची भीती वाटत नाही.

कुणी म्हणेल, अहो, त्या खरंच साध्या होत्या, मग साध्या म्हणायचं नाही का? जरूर म्हणावं. फणसवाडीत वाढल्या आणि फणसवाडीतल्या राहत्या घरीच शेवटचा श्वास घेतला. एवढ्या प्रसिद्धीनंतरही त्या गल्लीतून हलावंसं वाटलं नाही, यात काहीतरी आदर करण्याजोगं आहेच. त्यांनी कितीतरी कार्यक्रम सामाजिक कामांच्या मदतीसाठी केले. सहकाऱ्यांबद्दल, वादकांबद्दल त्या आदराने बोलत. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण ढोलकीपटू म्हणून नावारूपाला आले, म्हणजे घरातही लावणीचा ताल टिकला. हे सगळं मनाला भिडणारं आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की कलावंताच्या साधेपणामुळे समाजाचं देणं फिटत नाही, आणि आपण ते फिटलं असं धरून चालतो.

देण्याचा हिशोब रोख बोलायला हवा. १९६२ ते १९६५ या तीन-चार वर्षांतली सुलोचनाबाईंची गाणी गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या वरातीत, वाद्यवृंदांच्या मंचावर, शाळांच्या स्नेहसंमेलनात, वाहिन्यांवरच्या स्पर्धांत आजतागायत वाजताहेत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गायकाला ठरलेले पैसे मिळत, की संबंध संपला, अशी तेव्हाची पद्धत होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला काही जागाच नव्हती. कलावंत म्हणून त्याला हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यावसायिक वापरातून मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद आली ती २०१२ च्या दुरुस्तीने. ‘लवंगी मिरची’ किंवा ‘सोळावं वरीस’च्या मूळ ध्वनिमुद्रणापर्यंत या तरतुदी मागे जाऊन पोचत नाहीत. ज्या गाण्यांनी त्यांना सम्राज्ञी केलं, त्या गाण्यांच्या पुढच्या सहा दशकांच्या वाजण्यातून गायिकेला कायद्याने काही मागता येत नव्हतं. त्यांनी त्याबद्दल जाहीर कुरकुर केली नाही. हा त्यांचा मोठेपणा. त्या मोठेपणामुळे कायद्यातली उणीव मात्र आणखी लपून राहिली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी हाच प्रश्न उघडपणे मांडला होता. निर्मात्याला आणि संगीतकाराला गाण्याच्या विक्रीतून वाटा मिळतो, मग गायकाला का नको? मोहम्मद रफींना ते पटलं नाही. गाण्याचे पैसे घेतले की व्यवहार पुरा झाला, अशी त्यांची सरळ भूमिका होती. मतभेद इतका वाढला की काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद केलं. रफीसाहेब देवमाणूस होते, त्यांच्या चांगुलपणाबद्दल कुणाचं दुमत नाही. लताबाईंना मात्र त्या मागणीपायी हट्टी, व्यवहारी अशी विशेषणं ऐकावी लागली. त्याही १९४२ मध्ये वडील गेल्यावर वयाच्या तेराव्या वर्षी घर अंगावर घेतलेल्या, अगदी तळातून वर आलेल्या. पुढे कायद्याने जी वाट धरली ती लताबाईंच्या म्हणण्याकडे जाणारी होती. त्यांनी मागितलं म्हणून त्यांचा साधेपणा कमी झाला असं मला वाटत नाही. गरिबीतून आलेल्या कलावंताने हक्क मागितला की तो शेफारला, आणि गप्प राहिला की तो जमिनीवर आहे, ही आपली मोजमापं आहेत आणि ती बदलली पाहिजेत.

सन्मानांची गोष्टही वेगळी नाही. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर. पुरस्कार घ्यायला त्या चाकांच्या खुर्चीतून गेल्या आणि त्याच वर्षअखेरीस गेल्या. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, तेव्हा त्यांचं वय शंभरीजवळ पोचलं होतं. विठाबाईंना मिळालीच नाही. शास्त्रीय संगीतातल्या कलावंताला ऐन उमेदीत मान मिळू शकतो आणि तो मिळावाच. त्या मानाने शिष्य येतात, दौरे मिळतात, बिदागी वाढते. लोककलावंताला तो मिळतो तेव्हा त्याचा उपयोग करून घ्यायला अंगात त्राण उरलेलं नसतं. मग राज्य सरकारचं वृद्ध कलावंतांचं मानधन आहे, ते २०२४ पासून सरसकट दरमहा ५,००० रुपये झालं. आधीच्या रकमांपेक्षा हे बरं, असं म्हणून मी त्याचं स्वागत करतो. पण फडात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला औषधपाण्याला, भाड्याला आणि पोटाला ही रक्कम पुरत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. शिवाय ती मिळवण्यासाठी आपण कलावंत आहोत याचे कागद गोळा करायचे असतात. नारायणगावला तमाशाच्या सुपाऱ्या ठरवायला राहुट्या लागतात, तिथे शब्दावर आणि विसारावर व्यवहार होत आले. तीस वर्षांपूर्वी कुठल्या जत्रेत नाचले त्याचं प्रमाणपत्र ती बाई कुठून आणणार?

आज काय करता येईल, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. पहिली गोष्ट गाण्याची. सुलोचनाबाईंच्या लावण्या संगीताच्या अभ्यासक्रमात याव्यात, स्वरलेखनासह, श्वास आणि उच्चार यांच्या टिपणांसह, जसं ठुमरीच्या गायिकांबद्दल शिकवलं जातं तसं. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, इतर विद्यापीठांतही लोककलांचे अभ्यास चालतात. तिथे नाचाची आणि वगाची चर्चा होते, गळ्याची कमी होते. लावणीत शब्दफेकीची जी तालीम श्यामरावांनी दिली ती ऐकून ऐकून ओळखणारे काही वादक, काही गायिका अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून ते कागदावर उतरवायला हवं.

दुसरी गोष्ट त्या बायकांची, ज्यांच्याकडून ही लावणी आली. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या कला केंद्रांत आणि पुण्यात आर्यभूषणसारख्या थिएटरात बारीला उभ्या राहणाऱ्या आणि आता वयामुळे मागे पेटीजवळ बसणाऱ्या बायका आहेत. बैठकीची लावणी, जिच्यात अदा बसल्या बसल्या डोळ्यांतून आणि बोटांतून होते आणि गाणं ख्यालाच्या जवळ जातं, ती या मोजक्या गळ्यांत उरली आहे. या बायका कुणी मुलाखतीला गेलं की आधी आपली कहाणी सांगतात, कारण आलेला माणूस कहाणीच मागणार हे त्यांना अनुभवाने माहीत झालेलं आहे. त्यांना आधी गायला सांगावं. कुणाकडून शिकलीस, ही चाल तुझ्या आजीची का, दुसऱ्या बारीत हीच लावणी कशी म्हणतात, असं विचारावं. ध्वनिमुद्रण नीट यंत्रांवर व्हावं, त्यावर गाणारीचं, पेटीवालीचं, ढोलकीवाल्याचं, तबलजीचं नाव असावं.

तिसरी गोष्ट पैशाची. आताचा कायदा आजच्या ध्वनिमुद्रणांना लागू आहे, तेव्हा ‘त्या वेळी तशी पद्धत होती’ हे कारण यापुढे कुणालाही सांगता येणार नाही. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने आणि वाहिन्यांनी लोककलावंतांशी करार मराठीत करावा, तो वाचून दाखवावा, आणि पुढच्या प्रत्येक वापराचा वाटा त्यात लिहिलेला असावा. मोडनिंबच्या एखाद्या केंद्रात गाणाऱ्या बाईने करार पाहून ‘यात माझं काय?’ असं विचारलं, तर तिच्याशी घासाघीस न करता तिला तिचा आकडा सांगावा.